भाऊबीजेच्या ताटातलं राज्याचं कर्ज

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही कराडच्या बाजूला राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं, आमचा मुलगा, आणि नवऱ्यानं टाकल्यामुळे सहा वर्षांपासून मुलीला घेऊन माहेरी असलेल्या माझ्या नणंदबाई. आमचे हे सरकारी रस्त्यांची छोटी कामं घेतात. एका खात्याकडे ३८ लाखांचं बिल वर्षभर अडकलंय, दिवाळीच्या तोंडावर ४ लाख आले, बाकीचं विचारलं की निधी नाही म्हणतात. वन्संना लाडकी बहीणचे १५०० येतात, त्यातून त्या मुलीच्या क्लासची फी भरतात. यंदा भाऊबीजेला त्यांनी ओवाळलं तर ह्यांनी ताटात ५०० ची नोट टाकली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाकीची ओवाळणी सरकारनं माझ्या बिलातून तुला दिलीच आहे." वन्सं काही बोलल्या नाहीत. नोट अजून देवघरात त्या ताटात तशीच पडून आहे आणि त्या दिवसापासून त्या आमच्या पंगतीला बसत नाहीत.

त्यात पुण्याचे मोठे दीर विरोधी पक्षाचे आणि हे सत्ताधाऱ्यांचे, दोघांची त्याच दुपारी जुंपली. भाऊजी म्हणाले राज्य बुडालंय, प्रत्येकाच्या डोक्यावर ७२ हजार कर्ज आहे, आईचे पोस्टातले आणि पतसंस्थेतले पैसे काढा आणि सोनं घ्या. मामंजी म्हणतात १९९१ सारखं सोनं गहाण ठेवायची वेळ येणार, अंथरूण पाहून पाय पसरायला हवे होते. खरं कोणाचं? आणि घर परत एका पंगतीला कसं बसवू?

— धाकटी सून

उत्तर

सूनबाई, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझ्या नवऱ्याचा राग आला, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा थोडी दया पण आली, ३४ लाख अडकलेला माणूस दिवाळीत गोड बोलेल ही अपेक्षा जरा जास्तच आहे. तरी ते वाक्य बोलायला नको होतं, आणि ते चुकीचं का आहे हे पुढे सांगतेच, कारण ते नुसतं दुखावणारं नाहीये, हिशोबानं पण चुकीचं आहे.

मी काही अर्थतज्ज्ञ नाही. एका सहकारी बँकेत कर्ज विभागात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी वसुलीत. त्यामुळे कर्ज म्हटलं की मी रकमेकडे सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते की कशाला घेतलं, कोणाकडून घेतलं, आणि कमावलेल्या रुपयातले किती पैसे व्याजात जातात.

भाऊजींचे ७२ हजार घे. भागाकार चुकलेला नाही. मार्च २०२५ मध्ये अजित पवारांनी जो अर्थसंकल्प मांडला त्यात मार्च २०२६ अखेर राज्यावर ९.३२ लाख कोटी कर्ज असेल असा अंदाज होता, राज्याची लोकसंख्या तेरा कोटींच्या आत-बाहेर धरली की माणशी सत्तर-बहात्तर हजार येतात. पण हा आकडा व्हॉट्सअॅपवर जितका भीतीदायक दिसतो तितका तो आहे का? त्याच राज्याचं दरडोई उत्पन्न २०२४-२५ ला वर्षाला ३ लाख ९ हजारांच्या आसपास सांगितलं होतं. आता वर्षाला तीन लाख कमावणारा आणि ७२ हजार कर्ज असलेला माणूस माझ्या टेबलासमोर आला असता ना, तर मी त्याला चहा पाजला असता आणि अजून थोडं घेता का म्हणून विचारलं असतं. राज्याच्या एकूण वार्षिक उत्पन्नाच्या मानानं हे कर्ज १९ टक्क्यांच्या आत बसतं. पंजाबचं ४५ च्या वर आहे, आणि केंद्र सरकारचं स्वतःचं ५६ टक्के. म्हणजे बुडालं बुडालं म्हणून ओरडायचंच असेल तर भाऊजींनी जरा उत्तरेकडे तोंड करून ओरडावं.

आता तू म्हणशील की दरडोई उत्पन्न म्हणजे लोकांची कमाई, ती काय सरकारच्या खिशात जाते का? नाही जात, बरोबर आहे. म्हणून सरकारची स्वतःची कमाई बघू. २०२५-२६ ला राज्याची महसुली जमा धरली होती साधारण ५ लाख ६१ हजार कोटी, आणि त्यातल्या रुपयातले अकरा-बारा पैसे व्याजात जातात. केंद्राचं बघ, त्यांच्या महसुलातल्या रुपयातले ३७ पैसे नुसत्या व्याजात जातात, २०२५-२६ ला १२.७६ लाख कोटी धरले होते, केंद्राचा सगळा भांडवली खर्च ११.२१ लाख कोटी होता, म्हणजे रस्ते-रेल्वे-पूल सगळं धरून जेवढं बांधायचं त्यापेक्षा जास्त व्याज. मला विचारशील तर राज्याच्या कर्जापेक्षा देशाचं कर्ज जास्त बोलण्यासारखं आहे, पण ते कोणाच्या खात्यात महिन्याला १५०० म्हणून दिसत नाही ना, म्हणून भाऊबीजेच्या ताटात ते येत नाही.

मग राज्याचं सगळं छान चाललंय का? तर नाही. दुखणं महसुली तुटीत आहे. २०२५-२६ ला ती ४५,८९१ कोटी धरली होती. महसुली तूट म्हणजे काय, तर पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं, योजना हा जो रोजचा संसार आहे तो रोजच्या कमाईत भागत नाही. एकूण राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून बुजवायचा सगळा खड्डा, १,३६,२३५ कोटी होती, म्हणजे जे काही नवं कर्ज निघणार त्यातला तिसरा हिस्सा चुलीला जाणार. घर बांधायला कर्ज काढलं तर निदान भिंती उभ्या राहतात, वाण्याची उधारी भागवायला कर्ज काढलं की पुढच्या महिन्यात वाणी परत उभा. आणि हे अर्थसंकल्पातले आकडे आहेत हं, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीचे. जुलै २०२५ च्या पावसाळी अधिवेशनातच ५७ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरचा जादा खर्च, आल्या, मग ऑक्टोबरमध्ये पूरग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. पुराला कोण नाही म्हणणार, पण ऐनवेळी काढायला डब्यात काही ठेवलेलं नसलं की अशी धावपळ होते.

इथे तुझ्या नवऱ्याची बाजू येते, आणि ती खोटी नाही. लाडकी बहीणसाठी २०२५-२६ ला ३६ हजार कोटी ठेवले होते, आदल्या वर्षी ४६ हजार होते. महसुली तूट ४५,८९१. दोन आकडे शेजारी ठेवले की कोणालाही वाटेल की ही योजना नसती तर तुटीचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग मिटला असता, आणि गणितानं ते खरंच आहे. सामाजिक न्याय खात्याचा निधी या योजनेकडे वळवला म्हणून त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाटच मे २०२५ मध्ये जाहीरपणे चिडले होते, म्हणजे ओढाताण सरकारच्या आत पण आहे. पण त्याच गणितानं असंही म्हणता येतं की पगार, पेन्शन आणि व्याज मिळून महसुलाच्या निम्म्याहून जास्त पैसा जातो, त्यातले दहा टक्के वाचले असते तरी मोठा भाग भरून निघाला असता. किंवा पवनारहून गोव्याच्या सीमेपर्यंतच्या ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाच्या जमिनीसाठी २०,७८७ कोटींना मंजुरी दिली, ते थांबवलं असतं तर? त्यावर खुद्द वित्त विभागानं कर्जाचा बोजा वाढेल म्हणून सावध केल्याच्या बातम्या आल्या होत्या. कुठला खर्च "जास्तीचा" हे गणित सांगत नाही गं, ते प्रत्येकजण आपापल्या जागेवरून ठरवतो. तुझा नवरा रस्ते करतो, त्याला रस्ता गरजेचा आणि १५०० उधळपट्टी वाटणार. वन्संना उलटं वाटणार. दोघंही आपापल्या खुर्चीतून बरोबर दिसतात.

पक्षांचं तर विचारूच नकोस. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी बुंदेलखंड एक्सप्रेसवेच्या उद्घाटनाला फुकट वाटपाला रेवडी कल्चर म्हणून झोडलं, दोन वर्षांत त्यांच्याच युतीनं इथे १५०० सुरू केले आणि निवडणुकीत २१०० करू म्हणाले. कर्ज वाढलं कर्ज वाढलं म्हणून गळा काढणाऱ्या महाविकास आघाडीनं काय सांगितलं? ३०००! म्हणजे एकाचं म्हणणं तू राज्य बुडवलंस, दुसऱ्याचं म्हणणं तू दुप्पट बुडवायला निघाला होतास, आणि दोघंही बरोबर. तुझ्या घरात पण तेच झालंय. भाऊजींना विचार, त्यांच्या पक्षाचे ३००० आले असते तर त्यांनी हाच मेसेज फॉरवर्ड केला असता का. आणि नवऱ्याला विचार, जुलै २०२४ मध्ये त्या नारीशक्ती दूत अॅपवर वन्संचा फॉर्म कोणी भरला होता? माझी खात्री आहे त्यानेच भरला असणार, त्या महिन्यात गावोगावचे कार्यकर्ते रात्र रात्र जागून फॉर्म भरत होते.

कर्जाला लगाम घालायचे कायदे आहेत, नाहीत असं नाही. केंद्राचा एफआरबीएम कायदा २००३ चा, वाजपेयींच्या काळातला, आपल्या राज्याचा २००५ चा. केंद्राची तूट देशाच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवर आणायची होती. २००८ ला जागतिक मंदी आणि शेतकरी कर्जमाफी आली, लगाम सुटला. २०२० ला कोविड आला, तूट ९.२ टक्क्यांवर गेली. २०२५-२६ ला ४.४ टक्के धरली होती आणि २०३१ पर्यंत कर्ज उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आसपास आणू म्हणतात. आमच्या बँकेत अशा कर्जदाराला आम्ही "पुढच्या हंगामवाले" म्हणायचो. आणि राज्यांनी किती कर्ज काढायचं याच्यावर केंद्राचा हात असतो, संविधानाच्या कलम २९३ मुळे, त्यावरून केरळ सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय, ते प्रकरण २०२४ मध्ये घटनापीठाकडे गेलं. केंद्र म्हणतं आम्ही शिस्त लावतोय, केरळ म्हणतं स्वतःला लावा आधी.

आता मुद्द्याचं बोलते, तुझ्या नवऱ्याच्या बिलाचं. हे नीट वाच आणि जमलं तर त्याला पण वाचायला दे.

माझ्याकडे एक कर्जदार होता, किराणा दुकान, गावात मान. आमचा हप्ता पाच तारखेला येणार म्हणजे येणार, फाइल अशी स्वच्छ की साहेब लोक उदाहरण म्हणून दाखवायचे. एकदा त्याच्या गल्लीत गेले तर दूधवाल्याचे आठ महिन्यांचे थकवलेले, दुकानातल्या पोऱ्याचा पगार दोन महिने नाही, मुलाच्या क्लासच्या सरांना तोंड चुकवत फिरायचा. बँकेची नोटीस येते, दूधवाल्याची येत नाही ना. म्हणून बँकेला वेळेवर आणि दूधवाल्याला "पुढच्या महिन्यात बघू". आमच्या फाइलीत तो आदर्श कर्जदार होता आणि गल्लीत बुडीत.

राज्य सरकारचं तसंच आहे. सरकार कर्ज काढतं ते रोखे विकून, रिझर्व्ह बँक त्यांचा लिलाव करते, बहुतेक मंगळवारी असतो. त्या रोख्यांचं व्याज आणि परतफेड हा अर्थसंकल्पात भारित खर्च असतो, म्हणजे त्याच्यावर विधानसभेत मतदान सुद्धा होत नाही, तो द्यायचाच. त्याच्या मागे पगार आणि पेन्शन, ते एक महिना लांबले तर मंत्रालय बंद पडेल. त्याच्या मागे ज्या योजनांना तारीख आहे आणि मतदार आहेत त्या. आणि रांगेत सगळ्यात शेवटी, खाली मान घालून उभा असतो तुझा नवरा, हातात बिल घेऊन. एमबी, म्हणजे कामाच्या मोजमापाची वही, लिहून झाली, बिल पास झालं, ऑडिटची शंका फिटली, तरी निधी नाही. राज्यभरातले ऐंशी-नव्वद हजार कोटी थकलेत असा कंत्राटदारांच्या संघटनांचा दावा आहे. दावा आहे म्हणते, पण यातला निम्मा जरी खरा धरला तरी लक्षात घे की ही रक्कम त्या ९.३२ लाख कोटींत कुठेच नाही. ती कर्ज म्हणून मोजलीच जात नाही. पण ते कर्ज नाही तर काय आहे? माल घेतला, रस्ता वापरायला सुरुवात झाली, पैसे नाही दिले.

म्हणजे सरकारनं तुझ्या नवऱ्याकडूनच कर्ज घेतलंय. न विचारता, बिनव्याजी आणि बिनमुदतीचं.

आणि त्याला ते बिनव्याजी पडत नाहीये हे तुला माहितीच आहे. त्याचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेतून उचललेलं खेळतं कर्ज, किती टक्क्यानं आहे ते तू लिहिलं नाहीस, मी ११ धरते. ३४ लाखांवर ११ टक्के म्हणजे वर्षाला पावणेचार लाख, महिन्याला एकतीस हजारांच्या वर. भाऊ म्हणून बहिणीच्या ज्या १५०० वर तो बोलला ना, तशा वीस बहिणींचे पैसे तो दर महिन्याला बँकेला व्याज म्हणून भरतोय, सरकारच्या वतीनं. त्याचं भांडण याच्याशी आहे. त्याला वाटतं वन्सं त्याच्या पुढे रांगेत घुसल्या. त्या नाही घुसल्या, कामांना मंजुरी देताना तिजोरीत पैसे आहेत का ते न बघता निवडणुकीच्या आधी धडाधड वर्क ऑर्डरी काढल्या गेल्या, रांगच तिथे लांबली. १५०० उद्या बंद झाले तर त्याचं बिल परवा निघेल असं त्याला कोणी लिहून दिलंय का? मला तर वाटतं ते पैसे आणखी नव्या कामांच्या भूमिपूजनाला जातील आणि हा रांगेत तिथेच राहील.

त्याला एक व्यवहाराची गोष्ट मात्र सांग. पुढचं काम घेताना नुसती प्रशासकीय मान्यता बघून उडी मारू नये, त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या त्या सदरात, यंदा तरतूद किती आहे आणि आधीची देणी किती आहेत हे डिव्हिजनच्या अकाउंट सेक्शनमध्ये बसून विचारावं, तिथली माणसं चहावर सगळं सांगतात. जिथे तरतूद दहा रुपये आणि देणी साठ, तिथे टेंडर भरायचं नाही, कितीही ओळखीचा इंजिनिअर असला तरी. आणि काही झालं तरी कॅश क्रेडिट वाढवायला घर तारण ठेवायचं नाही. मी सही घेणाऱ्या बाजूला बसलेली बाई आहे, म्हणून सांगते.

आता मामंजींचं १९९१. त्यांना मान देऊन सांग की ते वेगळं दुखणं होतं. तेव्हा देशाकडे डॉलर संपले होते, दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते, म्हणून जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे ठेवून ४० कोटी डॉलरच्या आसपास उचलले. महाराष्ट्राचं कर्ज रुपयांत आहे आणि घरातल्याच माणसांकडून घेतलेलं आहे. घरातल्या म्हणजे खरंच घरातल्या. बँकांना ठेवींतला १८ टक्के पैसा सरकारी रोख्यांत वगैरे ठेवावाच लागतो, एलआयसी हे रोखे घेते, पीएफवाले घेतात. मामंजी साखर कारखान्यात, नाहीतर मिलमध्ये, नाहीतर कुठेही नोकरीला असले आणि त्यांचा पीएफ कापला गेला असला, तर सरकारच्या सावकारांत ते स्वतः बसलेत. सासूबाईंचं पोस्ट पण तसंच, तो पैसा केंद्राच्या अल्पबचत निधीत जातो. तुमच्या एका घरात बघ, सासूबाई सरकारला कर्ज देतात आणि त्यावर व्याज खातात, नवरा सरकारला कर्ज देतो आणि वर स्वतः व्याज भरतो, नणंद सरकारकडून १५०० घेते आणि सगळे मिळून साबणापासून डिझेलपर्यंत कर भरतात. (जून २०२५ मध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील म्हणे, तेव्हा तुझ्या नवऱ्याचे मित्र संध्याकाळी बसत असतील तर ते पण राज्याची तूट भरून काढताहेत असं समज.)

अंथरुणाचं पण एक आहे. मामंजींना साठ-पासष्टला कमाई थांबणार हे माहीत होतं, म्हणून त्यांनी पाय आखडले आणि बरं केलं. राज्य रिटायर होत नाही, त्याचं अंथरूण दरवर्षी थोडं वाढतं. पाय त्याहून वेगानं वाढले की थंडी लागणार, एवढंच बघायचं.

सासूबाईंच्या पैशांचं. पोस्टातले हलवायचे नाहीत. मासिक उत्पन्न योजना असेल तर तिथे ७.४ टक्के मिळतात आणि मुदतीआधी मोडलं तर एक ते तीन वर्षांत २ टक्के, नंतर १ टक्का कापतात, ते कशाला घालवायचे. आणि पोस्ट बुडण्याइतकी वेळ आली तर तुमचं सोनं तरी कोण विकत घेणार आहे. सोनं आज तोळ्याला लाखाच्या कितीतरी वर आहे, वर ३ टक्के जीएसटी, वर मजुरी, आणि म्हातारीला महिन्याला त्यातून औषधाला एक रुपया सुटत नाही. भाऊजींना घ्यायचंय तर त्यांनी त्यांच्या पगारातून घ्यावं, काही हरकत नाही.

पण पतसंस्थेबद्दल मात्र त्यांचा सल्ला चुकून बरोबर लागलाय, राज्याच्या कर्जाचा त्याच्याशी काडीचा संबंध नसला तरी. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्या सुद्धा. पतसंस्थेला तो विमा नाही. तिथे अर्धा-एक टक्का जास्त मिळतो तो याच जोखमीचा. सासूबाईंच्या ठेवीची मुदत कधी संपते बघ, संपली की बँकेत टाक, आणि पाच लाखांच्या वर असेल तर दोन बँकांत. अध्यक्ष नात्यातले आहेत वगैरे ऐकायचं नाही, माझ्या आयुष्यात मी जितके अध्यक्ष बघितले ते सगळे कोणाच्या ना कोणाच्या नात्यातले होते.

राहिली पंगत. तू मध्ये पडून "जाऊ द्या, सोडा" करू नकोस, तू ते आतापर्यंत करून बघितलं असशीलच. वन्संना मनवायला पण जाऊ नकोस, त्यांची चूक नाही. त्यांना आधीच टाकलेली बाई म्हणून गावात ऐकावं लागतं, त्यात सख्ख्या भावानं ओवाळताना हिशोब काढला. दीड हजार घेतात म्हणून त्यांनी लाजायचं कारण नाही, आणि कृपा करून त्यांना "बंद करून टाका ते पैसे" असं कोणी सुचवू नका, मुलीच्या क्लासची फी भाऊबीजेच्या बोलण्यानं भरली जात नाही.

नवऱ्याला एकट्याला गाठ. कॅश क्रेडिटचं स्टेटमेंट समोर ठेव, व्याजाच्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मार आणि शेजारी १५०० लिही. भाषण देऊ नकोस. हिशोबाचा माणूस आहे, त्याला आकड्यावरून कळेल, तुझ्या बोलण्यावरून नाही कळणार. त्याला तेवढं मात्र सांग की तुझा राग खरा आहे, पत्ता चुकलाय.

आणि माफी वगैरे आमच्या पिढीतल्या पुरुषांना जमली नाही, तुमच्यातल्यांना पण जमताना दिसत नाही, तेव्हा त्याला काहीतरी काम लावून दे. लाडकी बहीणची ई-केवायसी करायचीय, मुदत किती आहे ते आधी बघून घ्या. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार लागतो, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जातो. वन्सं कोणत्या नवऱ्याकडे ओटीपी मागायला जाणार? मामंजींचा आधार लागेल, आणि मामंजींचा मोबाइल म्हणजे बहुतेक बटनांचा, नाहीतर आधारला जोडलेला नंबर दुसराच निघेल, तो आधी बघून घ्या. टाकलेल्या बाईनं काय कागद द्यायचे ते अंगणवाडीत विचारून घ्या. साइट दिवसा लटकते, रात्री जरा बरी चालते म्हणतात. फॉर्म त्यानं भरला होता ना, मग ई-केवायसीला पण त्यालाच बसव, वन्संच्या शेजारी, जेवणं झाल्यावर. ओटीपी तीन-चार वेळा तरी फसेल, तास-दीड तास दोघांना एका स्क्रीनकडे बघत बसावं लागेल. तू चहा कर आणि आत झोपायला जा.